सेमाडोहचे पाणी

वऱ्हाडात चिखलदऱ्याला जाणारे पुष्कळ. सेमाडोहला मुद्दाम जाणारा विरळा. परतवाड्याहून धारणीकडे निघालेली एस.टी. घाट चढते, घटांगला जरा दम खाते आणि सागाच्या सावलीतून पलीकडे उतरू लागते. उतार संपतो तिथे सिपना नदी, नदीकाठी कोरकूंची घरे, थोडी शेते, वनखात्याची विश्रामगृहे. झाले सेमाडोह! जे येतात ते वाघासाठी. १९७३-७४ साली देशातले पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प निवडले गेले, त्यांत मेळघाट होता. तेव्हापासून या रस्त्याने जाणारा प्रत्येक जण खिडकीबाहेर डोके काढून वाघच शोधतो. मी मात्र पाणी पाहायला गेलो होतो.

कुणी म्हणेल, हा काय छंद! पण माझे गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. आमच्या वाड्यातली विहीर आजोबांनी खणली. तिला पाणी आहे, बारमाही आहे. फक्त ते माणसाला पिता येत नाही आणि पिकाला देता येत नाही. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही अंगांना असा खारा पट्टा पसरला आहे. आम्ही पितो ते पाणी नळाने येते, आणि नळात येते ते अंजनगावच्या वरच्या शहानूर धरणातून. शहानूर उतरते मेळघाटातून. तिकडे अकोट-तेल्हाऱ्याकडची पुष्कळ गावे वान धरणावर जगतात. वानही मेळघाटचीच लेक. म्हणजे आम्ही राहतो काळ्या मातीत, पण आमची घागर भरते त्या डोंगरात. ज्या डोंगराचे पाणी आपण पन्नाशी उलटेपर्यंत प्यालो, त्याच्या पोटात एकदा जाऊन यावे असे वाटले, तर त्यात वेडेपणा काय?

सोबतीला माझे एक जुने स्नेही होते. सारी हयात त्यांनी अकोल्याला मुलांना मृदाशास्त्र शिकवले. आता निवृत्त आहेत, पण कुठेही बसले की आधी चिमूटभर माती उचलून बोटांत चोळतात. पोळा होऊन दोन दिवस झाले होते. गावोगाव बैलांच्या शिंगांवरचा हिंगूळ अजून ताजा होता.

घाटमाथा ओलांडताना प्राध्यापकांनी मला कोपराने ढोसले. "इथून मागे पडलेला थेंब तुमच्या पूर्णेचा. इथून पुढे पडलेला तापीचा." सापन, चंद्रभागा, शहानूर, वान या दक्षिणेला उतरून पूर्णेला मिळतात, सिपना, गडगा, खंडू, खापरा उत्तर-पश्चिमेला तापीकडे जातात. डोंगर एक, पण त्याने आपली इस्टेट दोन लेकींत वाटून टाकलेली. त्या दोघी पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवला पुन्हा भेटतात, हे शाळेत घोकलेले होते. घाटमाथ्यावर उभे राहून ते पहिल्यांदा समजले.

संध्याकाळी नदीवर गेलो. सिपना हा कोरकू शब्द, अर्थ साग. नदीला झाडाचे नाव देणाऱ्या लोकांना नदी कुठून येते हे पक्के ठाऊक असले पाहिजे. पाऊस आठ दिवस थांबलेला, त्यामुळे गढूळपणा बसून गेला होता आणि तळाचे गोटे दिसत होते. ज्याला आपण नदी म्हणतो ती या डोंगरात चार महिनेच नदी असते. उन्हाळ्यात धार तुटते आणि उरतात ते डोह. अस्वल, सांबर, वाघ, मासे, गुरे, सारे त्या डोहांच्या आश्रयाला. पूर्वी कोरकू बाया वाळूत झिरा खणून पाणी भरत; आता हातपंप आहेत, तरी झिरा अगदीच विसरलेला नाही.

"डोह ही फार नाजूक चीज," प्राध्यापक म्हणाले. "वाहत्या नदीत काही पडले तर ते पुढे जाते, पातळ होते. डोहात पडले की तिथेच. वर ऊन पाणी उडवते आणि जे उडत नाही ते मागे दाटत जाते." उन्हाळ्यात शिकारीसाठी पाणवठ्यांत विष कालवण्याचे प्रकार जंगलात होतात, मासे मारायला पिकाचे औषध डोहात ओतणारेही असतात, तो उघड गुन्हा आहे, आणि मेलेले मासे निदान वर तरंगून साक्ष देतात. आम्हाला भेटला तो प्रकार निराळा होता, त्यात गुन्हेगार कुणीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या एका शेताजवळून जात होतो. दीड-दोन एकर सोयाबीन, कडेला मका, बांधावर तुरीची ओळ. पूर्वी या उतारांवर कुटकी, कोदो, सावा असायचा. गेल्या तीसेक वर्षांत सोयाबीनने वऱ्हाड व्यापला, तसा तो घाट चढून इथेही आला. एक तरुण कोरकू पाठीवर पंप घेऊन फवारत होता. तोंडाला गमछा, पाय उघडे. आम्हाला पाहून थांबला.

"काय मारता भाऊ?" प्राध्यापकांनी विचारले.

"औषीद हाय साहेब. अळी लय पडली."

"कुठलं?"

"नाव नाई माहीत. दुकानदारानं देल्लं थे आनलं. म्हने, सबन किडा मरते."

बांधावर बाटली होती. प्राध्यापकांनी चष्मा पुसून चिठ्ठी वाचली. इमिडाक्लोप्रिड, १७.८ टक्के. रस शोषणाऱ्या किडींचे औषध. मावा, तुडतुडे यांचे. पान खाणाऱ्या अळीला ते फारसे लागत नाही. गड्याने घाट उतरून, भाड्याला पैसे खर्चून, जे आणले ते अळीसाठी नव्हतेच. प्राध्यापकांनी ते त्याला नीट समजावले. तो हसला, "म्हनूनच मरत नाई काय!" म्हणाला. आणि मग जे रोज करीत असेल तेच त्याने केले. पंप घेऊन शेताच्या कडेने वाहणाऱ्या नाल्यात उतरला, दोनदा खळखळून विसळला, झाकण धुतले, हातपाय धुतले. तो नाला शंभर पावलांवर सिपनेला मिळत होता.

प्राध्यापक काही बोलले नाहीत. नाल्याच्या वाळूत काडी घेऊन बसले आणि आकडे मांडू लागले. त्या बाटलीतले एक टोपण धरा पाच मिलिलिटर. त्यात विष सुमारे एक ग्रॅम. आपल्याकडे बाटलीबंद पाण्यासाठी कोणत्याही एका कीटकनाशकाची मर्यादा आहे लिटरमागे ०.०००१ मिलिग्रॅम, युरोपातही पिण्याच्या पाण्याला हाच आकडा. आता एक ग्रॅमला त्याने भागा. उत्तर आले, एक कोटी लिटर.

"म्हणजे?" मी विचारले.

"म्हणजे एक टोपण औषध एक कोटी लिटर पाण्याला त्या रेघेपर्यंत आणून सोडते. घाबरू नका, त्या रेघेवर माणूस मरत नाही. ती रेघ जवळजवळ 'काहीच नको' अशा अर्थाने आखलेली आहे. पण नदीतल्या किड्यांची रेघ निराळी. हे औषध किड्यासाठीच बनवलेले. लिटरमागे एका मायक्रोग्रॅमहून कमी असले तरी पाण्यातल्या काही किड्यांना ते बाधते. किडे गेले की मासा काय खाणार?" त्यांनी काडी टाकून दिली. "ऊन मात्र आपल्या बाजूचे आहे. स्वच्छ, उथळ पाण्यात हे औषध उन्हाने काही तासांत मोडू लागते. गढूळ पाण्यात, विहिरीच्या अंधारात टिकून राहते."

मग ते उठून त्या तरुणाकडे गेले. पंप धुतलेले पाणी नाल्यात न ओतता शेतातच, पिकावर मारून टाक. नाल्याच्या कडेला दहा-पंधरा हात गवत राखून ठेव, तिथे नांगर घालू नकोस. गवत माती अडवते आणि मातीला चिकटलेले औषधही. तो ऐकत होता. "गवत ठेवलं त जागा जाते ना साहेब," म्हणाला. दीड एकरवाल्याचे म्हणणे खोटे नव्हते. प्राध्यापकांनीही मान हलवली.

दुपारी मुक्कामावर त्यांनी मला जो प्रयोग दाखवला तो आमच्या शाळेत कुणी दाखवला असता, तर मी कदाचित वकिलीकडे वळलो नसतो. खानसाम्याकडून तीन रिकामे डबे मागवले, तळाला खिळ्याने भोके पाडली, त्या शेतातली माती भरली. एकात हळदीचे पाणी ओतले, दुसऱ्यात मिठाचे. हळदीच्या डब्याखाली उतरलेले पाणी जवळजवळ पांढरे; पिवळेपणा वरच्या बोटभर मातीतच अडकला. मिठाच्या डब्याखालचे पाणी जिभेला लावून पाहिले, खारट!

"डीडीटी म्हणजे हळद," ते म्हणाले. "पाण्यात विरघळतच नाही म्हटले तरी चालेल, मातीला धरून बसते, वर्षानुवर्षे. सकाळचे ते औषध मिठाच्या बाजूचे. अगदी मीठ नव्हे, पण पाण्याबरोबर चालणारे. आणि मातीत पालापाचोळा कुजलेला असला तर दोन्ही जास्त अडतात. त्यातले जंतू त्यांना हळूहळू खाऊन मोडतातही. जंगलाची माती या कामाला नंबर एक."

"मग हळदीची भीती नाही?"

तिसऱ्या डब्यातली माती त्यांनी उन्हात वाळवून ठेवली होती. तीत काडीने वरपासून खालपर्यंत फट पाडली आणि हळदीचे पाणी ओतले. खाली चक्क पिवळी धार लागली! मातीला धरायला वेळच मिळाला नाही. मग पहिला डबा तिरका करून वरून जोराची धार सोडली; वरची बोटभर माती पिवळीधमक होऊन काठावरून वाहून गेली. हळद पाण्यात विरघळली नव्हती. मातीच्या पाठीवर बसून निघाली होती. खानसामा दारात उभा राहून हे सारे पाहत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "साहेब, हयद महाग हाय."

त्या रात्री पाऊस आला. पत्र्यावर तासभर नगारे वाजले. सकाळी सिपना तांबूस-काळी होऊन धावत होती आणि मला सारखा तो तिरका डबा दिसत होता.

उतरतीच्या वाटेवर मी प्राध्यापकांच्या डोळ्यांनी जमीन पाहू लागलो. सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाडा-अचलपूरच्या बाजूला, डोंगरातून ओढ्यांनी आणून टाकलेल्या गोटे-मुरमाची पट्टी आहे. तिच्यावर संत्र्याच्या बागा. हिरवी फळे लगडलेली. झाडांच्या बुंध्यांना मोरचूद-चुन्याचा निळसर लेप. मोरचुदातले तांबे कधी मोडत नाही, साचत राहते. या पट्टीत पाणी झपाट्याने मुरते. खालच्या मैदानातल्या विहिरींना भरणे होते ते बरेचसे इथून. जिथे पाणी सहज मुरते तिथे पाण्याबरोबर चालणारे औषधही मुरायला अडत नाही.

त्याच्या खाली आमची काळी माती. तिच्याविषयी आम्हा वऱ्हाडी लोकांना फार अभिमान. पण ती मोठी लहरी बाई आहे. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की हरवलेली काठी सापडत नाही. मृगाचा पाऊस आला की पहिले पाणी भेगांतून थेट खाली. तो तिसरा डबा. पुढे माती फुगते, भेगा मिटतात, मग पाणी मुरायला तयार नाही, वरून वाहते. तो तिरका डबा. आणि पऱ्हाटीवर औषध पडते ते नेमके याच दिवसांत. पोळ्याच्या अमावस्येला बोंडअळीची पाखरे अंडी घालतात म्हणून फवारणीची धांदल. आम्ही गेलो तेव्हा अकोटपर्यंत दोन्ही बाजूंनी पंपांचा आवाज आणि तो उग्र वास.

या वासाचे वय फार नाही. डीडीटीच्या शोधासाठी पॉल म्यूलरला १९४८ साली नोबेल मिळाले. १९५३ पासून हिवताप हटवायला गावोगाव भिंतींवर ते मारले गेले, आणि त्याने असंख्य जीव वाचवले, हे विसरून चालायचे नाही. १९६२ साली रेचेल कार्सनबाईंनी पुस्तक लिहून जगाला जागे केले. त्याच दशकात अंटार्क्टिकातल्या पेंग्विनच्या चरबीत डीडीटी सापडले. जिथे ना शेत, ना शेतकरी! आपल्याकडे शेतीतून डीडीटी १९८९ साली गेले, बीएचसी १९९७ साली, एण्डोसल्फान २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. २००२ साली बीटी कापूस आला, अळीची फवारणी काही वर्षे कमी झाली. मग गुलाबी बोंडअळी परतली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो दवाखान्यात गेली. ती बातमी देशभर गाजली. जे औषध त्यांच्या अंगावर न पडता मातीवर पडले त्याची बातमी होत नाही. पिशवीतल्या सरकीवर जो गुलाबी लेप असतो त्यातही बहुधा सेमाडोहच्या बाटलीतलेच औषध असते. त्यातले पाचवा हिस्सासुद्धा रोपात जात नाही, उरलेले मातीला मिळते.

अकोट तालुक्यातल्या एका पुनर्वसित वस्तीत आम्ही थांबलो. २००० नंतर कुंड, बोरी, कोहा ही गावे व्याघ्रप्रकल्पातून उठवून या बाजूला बसवली. मागाहून आणखी गावे आली. पुनर्वसनाच्या बऱ्यावाइटाची कथा लांबलचक आहे, ती इथे नको. लिंबाखाली एक म्हातारे बाबा खाट टाकून बसले होते. पाण्याचे विचारले तर म्हणाले, "तिकडं वाघाचं भेव होतं, पान्याचं नव्हतं. इथं नळ हाय, दवाखाना हाय. पन पोरं पऱ्हाटीत औषीद मारून येते, आन् रातभर डोकं धरून बसते." विहिरीचे पाणी प्यावे की नाही, असे त्यांनी प्राध्यापकांना विचारले. खारे लागते का, एवढे जीभ सांगते. औषधाला त्या मापात चव नाही, रंग नाही, वास नाही. ते प्रयोगशाळेतल्या महागड्या यंत्रालाच कळते. प्राध्यापकांनी त्यांना नळाचेच पाणी प्यायला सांगितले. नळ वान धरणाचा. म्हणजे बाबा डोंगर सोडून आले, आणि डोंगर नळीतून त्यांच्यामागे आला.

माझ्या गावी पोचल्यावर शेजारच्या भाऊरावांनी तक्रार मांडली: औषधे भेसळीची येतात, दोन-दोनदा मारूनही गुण येत नाही. भेसळ असेलही. पण प्राध्यापकांनी त्यांच्या टाकीतले पाणी कागद बुडवून पाहिले. पाणी चांगलेच अल्कधर्मी. काही औषधे, विशेषतः जुनी फॉस्फरसची, अशा पाण्यात पंपातच मोडू लागतात. आमची क्षारयुक्त काळी मातीही त्यांना लवकर मोडते, हा त्यातला फायदा. भाऊरावांना फायदा पटला नाही. "म्हंजे मी पैसे देऊन पान्यातच इरघळवतो म्हना की! मग आता तिसऱ्यांदा मारू काय?" त्यांनी विचारले. नळाचे पाणी कालवून मारा, म्हणावे तर ते प्यायचे पाणी. आम्ही दोघेही गप्प बसलो.

चार दिवसांनी प्राध्यापकांना भुसावळला लेकीकडे जायचे होते. मीही निघालो, कारण चांगदेव पाहायचे राहिले होते. जुने देऊळ पाहिले आणि संगमावर गेलो. तापी आणि पूर्णा दोन्ही भरून होत्या. सेमाडोहला पाहिलेली सिपना या तापीत होती. परतवाड्याची सापन, आमच्या पऱ्हाटीचा निचरा, सारे या पूर्णेत. प्राध्यापक म्हणाले, दोहोंतले पाणी बाटल्यांत भरून न्यावे, ओळखीच्या प्रयोगशाळेत द्यावे. एका बाटलीने काही सिद्ध होत नाही, पण सुरुवात होते. त्यांनी पिशवीतून दोन काचेच्या बाटल्या काढल्या, प्लॅस्टिक चालत नाही म्हणाले, तीनतीनदा विसळून भरल्या, वर कागद चिकटवून तारीख घातली. शेजारी एक कुटुंब स्नान करीत होते. त्यातल्या आजीने ओंजळ भरून संगमाचे पाणी नातवाच्या तोंडाला लावले आणि आम्हालाही म्हणाली, "घ्या की, दोन नद्यांचं हाय."

प्राध्यापकांनी बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या. उन्हात राहिल्या तर आतले मोडेल, म्हणून गाडी येईपर्यंत ते देवळाच्या सावलीत त्या मांडीवर घेऊन बसले होते.